पिशवी लागणार का?

पावसाळा सुरू झाला की भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईत हिरव्या मिरचीचा बाजार गजबजतो. आसपासच्या शिवारातली मिरची इथं येते आणि गाड्या भरून बाहेर जाते. अशा गावात कुणाला शौचातून रक्त पडलं, की आरोपी आधीच ठरलेला असतो. तिखट बंद करा, ताक प्या, रात्री इसबगोल घ्या, अंगात उष्णता झालीय, मूळव्याध असेल. गंमत अशी, की बहुतेकांच्या बाबतीत मूळव्याध हा अंदाज बरोबरच निघतो. तेवढ्यानेच तो धोक्याचा ठरतो, कारण उरलेल्या थोड्यांचे सहा महिने, वर्ष त्याच अंदाजावर निघून जातं. तिखटाने आग होते हे खरं. पण रक्त का पडतंय, याचं उत्तर मिरचीत सापडत नाही.

मूळव्याधीचं रक्त सहसा शौच झाल्यावर लाल, थेंब थेंब पडतं. गुदाशयातली कर्करोगाची गाठ थोडी वेगळी वागते. रक्ताबरोबर आव पडते. जाऊन आलं तरी पोट साफ झालं असं वाटत नाही आणि दहा मिनिटांत पुन्हा डबा उचलावा लागतो. पहाटे झोपेतून उठावं लागतं. वर्षानुवर्षांची सवय दोन-तीन महिन्यांत बदलते. ही लक्षणं असतील किंवा गोळ्या-मलमाने पंधरा दिवसांत फरक नसेल, तर पुढची तपासणी साधी आहे: डॉक्टरने हातमोजा घालून, बोटाने गुदद्वाराच्या आत तपासणं. अर्धं मिनिट लागतं. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ बहुधा बोटाला लागते. तालुक्याच्या गावी ‘मूळव्याध, भगंदर, फिशर, बिना ऑपरेशन खात्रीशीर इलाज’ असे बोर्ड हमखास दिसतात. त्या बोर्डामागे कोणती पॅथी आहे, यावर मला वाद घालायचा नाही. पण आत बोट न घालता ज्याने मूळव्याधीचं औषध दिलं, त्याने निदान केलेलंच नाही. बायका लाजेमुळे ही तपासणी टाळतात आणि डॉक्टरही त्यांच्या लाजेचा आधार घेऊन टाळतात. सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी होते. आतड्याच्या कर्करोगासाठी तशी मोहीम नाही. त्यामुळे लक्षण दिसल्यावर कुणीतरी शंका घेणं, एवढाच मार्ग उरतो.

‘हा म्हातारपणाचा आजार’ ही समजूतही आपल्याकडे फारशी टिकत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात २०१३-१४ च्या एका वर्षात आलेल्या मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांचा आढावा तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला होता. सरासरी वय होतं ४७ च्या आसपास. पश्चिमेकडच्या देशांत हाच आजार प्रामुख्याने साठी ओलांडलेल्यांचा मानला जातो. एकूण प्रमाण भारतात कमी आहे. बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीतही हे वर्षानुवर्षं दिसतं. ही देशातली पहिली ग्रामीण नोंदणी, १९८७ सालापासूनची. पण ज्याला होतो तो बऱ्याचदा कमावता, शेत सांभाळणारा, लहान लेकरांचा बाप किंवा आई असतो. म्हणून ‘जीव वाचला, आता बाकीचं काय’ हे उत्तर त्याला पुरत नाही. त्याला पुढची तीस वर्षं जगायची असतात.

बायोप्सीचा कागद हातात आला, की रुग्ण पहिला प्रश्न विचारतो तो मरणाबद्दलचा नसतो. ‘डॉक्टर, पिशवी लागणार का?’ असं तो विचारतो, म्हणजे पोटावर मळाची पिशवी. प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर ऑपरेशनच्या टेबलावर ठरतं, असं लोक समजतात, तिथे गल्लत होते. आज ते उत्तर पुष्कळ वेळा त्याआधी, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ठरतं: कोणत्या तपासण्या झाल्या, कोणता उपचार आधी दिला आणि कोणी दिला यावर.

आधी शरीराची रचना. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग. तो मळ नेणारी नुसती नळी नाही, तो साठवतो. भरत आला की मेंदूला कळवतो आणि आत वायू आहे की मळ, हा फरकही गुदद्वाराच्या वरची नाजूक त्वचा ओळखते. त्याखाली आवळून धरणारे दोन स्नायू आहेत. आतला आपल्या नकळत आवळलेला राहतो. बाहेरचा आपल्या ताब्यात असतो, एसटीत बसल्यावर पुढच्या थांब्यापर्यंत धीर धरायला लावणारा. गुदाशयाच्या दोन्ही बाजूंनी, अगदी चिकटून, बारीक मज्जातंतूंची जाळी जाते. लघवी, पुरुषाचं ताठरपण आणि वीर्यस्खलन, स्त्रीच्या योनीतला ओलावा हे सारं त्यांवर चालतं. म्हणजे ‘कार्य वाचवणं’ यात मलमार्ग, मूत्रमार्ग आणि शरीरसंबंध अशा तीन गोष्टी येतात. पिशवीच्या धसक्यात लोक पहिल्याबद्दलच बोलतात.

शंभर वर्षांपूर्वी यातलं काहीच वाचवायचा विचार नव्हता आणि त्याला कारण होतं. लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स खालच्या बाजूने गाठ काढत असत. ५७ पैकी ५४ रुग्णांत आजार परत आला. मृत रुग्णांची तपासणी करून त्यांनी कर्करोग कुठं कुठं पसरतो ते पाहिलं आणि १९०८ मध्ये नवी शस्त्रक्रिया मांडली: पोटातून आणि खालून अशी दोन्हीकडून जाऊन गुदाशय, गुदद्वार, स्नायू सगळं काढायचं आणि आतड्याचं तोंड कायमचं पोटावर आणायचं. क्रूर वाटणाऱ्या या ऑपरेशनने माणसं जगू लागली. म्हणून पुढची अनेक दशकं तेच प्रमाण मानलं गेलं. गाठीच्या खाली पाच सेंटिमीटर निरोगी आतडं काढलंच पाहिजे, असा नियम होता. मग खालच्या गाठींना पिशवी अटळच.

हा नियम हळूहळू सैल झाला. कर्करोग आतड्याच्या भिंतीतून खाली फार सरकत नाही, तो बाजूच्या चरबीत पसरतो, हे लक्षात आलं. पाचाचे दोन सेंटिमीटर झाले. आता निवडक रुग्णांत एक सेंटिमीटरही चालतो. इंग्लंडमधल्या बेझिंगस्टोक या गावच्या रुग्णालयात बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये दाखवलं, की खरं महत्त्व गुदाशयाभोवतीच्या चरबीच्या वेष्टनाला आहे. जालन्याची मोसंबी सोलताना फोडीवरचा पापुद्रा न फाटता फोड अखंड निघावी, तसं हे वेष्टन अखंड काढायचं. पापुद्र्याच्या बाहेरून गेलं तर मज्जातंतू कापले जातात, आतून गेलं तर कर्करोग मागे राहतो. त्या एका पातळ थरातून चालणाऱ्या हाताला दोन्ही साधतं: आजार मुळासकट निघतो आणि लघवी-लैंगिकतेच्या नसाही राहतात. पूर्वी ऑपरेशननंतर ओटीपोटात आजार परत येण्याचं प्रमाण वीस-तीस टक्क्यांवर जाई. हील्ड यांच्या रुग्णांत ते पाच टक्क्यांच्या आत आलं.

याहून बोलका प्रयोग स्वीडनचा. स्टॉकहोममधल्या सर्जनना हील्ड यांच्या पद्धतीचं प्रत्यक्ष शिक्षण दिलं गेलं. २००० साली निकाल छापून आले: आजार परत येण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आणि कायमची पिशवी लागण्याचं प्रमाणही जवळपास निम्म्यावर. शहर तेच होतं, आजार तोच होता, फक्त सर्जनांचे हात शिकून आले. त्यामुळे ‘वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता?’ हा प्रश्न उद्धट नाही. भोकरदनहून निघालेल्या माणसाने तो छत्रपती संभाजीनगरलाही विचारावा, मुंबईलाही विचारावा.

आता आजची वाट. निदान झाल्यावर लगेच ऑपरेशनची तारीख मिळाली, तर नातेवाइकांना हायसं वाटतं. मला अशा वेळी धास्ती वाटते. खालच्या आणि मधल्या गुदाशयाच्या, भिंतीबाहेर सरकलेल्या गाठीत पहिली पायरी ओटीपोटाच्या एमआरआयची. गाठ गुदद्वारापासून किती वर आहे, आवळणाऱ्या स्नायूंत शिरली आहे का, चरबीच्या वेष्टनाच्या काठापासून किती दूर आहे, हे एमआरआय सांगतो. छाती-पोटाचा सीटी स्कॅन आजार इतरत्र पोचलाय का ते दाखवतो. पूर्ण कोलोनोस्कोपीने वरच्या आतड्यात दुसरी गाठ नाही ना, ते कळतं. हे कागद घेऊन सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि केमोचे डॉक्टर एकत्र बसले पाहिजेत. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत अशा बैठका ठरलेल्या वारी होतात. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे आणि टाटाशी त्याचं जुनं नातं आहे. जालना-भोकरदनच्या माणसाला रेडिएशनसाठी मुंबईच गाठावी लागते असं राहिलेलं नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांची पॅकेजेस आहेत. आपल्या उपचाराचं काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

अगदी सुरुवातीची, भिंतीच्या वरवरच्या थरात असलेली छोटी गाठ असेल तर गुदद्वारातूनच दुर्बिणीने तेवढा भाग काढता येतो. जर्मनीत गेरहार्ड बूस यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत आणली. पोट उघडायचं नाही, पिशवी नाही. मात्र काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर गाठ खोल किंवा आक्रमक निघाली, तर पुढचं मोठं ऑपरेशन टाळू नये. मिरचीला दोष देत वर्ष घालवलेल्या रुग्णांना ही संधी क्वचितच मिळते, हे वेगळं सांगायला नको.

बाकीच्यांपैकी बहुतेकांसाठी रेडिएशन आणि केमो आधी. गावाकडे रेडिएशनला ‘लाइट घेणं’ किंवा ‘शेक’ म्हणतात. त्याचे दोन प्रकार. एक लांबचा: पाच-साडेपाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, सोबत कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. दुसरा आखूड: पाच दिवसांत पाच मोठे डोस. २००४ मध्ये जर्मनीतल्या मोठ्या चाचणीने दाखवलं, की हाच उपचार ऑपरेशननंतर देण्याऐवजी आधी दिला तर आजार ओटीपोटात परत येण्याचं प्रमाण १३ वरून ६ टक्क्यांवर येतं. त्यातला एक आकडा माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे. सर्जनने आधी तपासून ‘याला कायमची पिशवी लागेल’ असं लिहून ठेवलेल्या रुग्णांत, उपचार आधी मिळालेल्या गटात ३९ टक्क्यांचं गुदद्वार वाचलं. नंतर मिळालेल्या गटात १९ टक्क्यांचं. औषधं साधारण तीच, क्रम उलटा.

पुढे केमोचे सगळे डोसही ऑपरेशनच्या आधीच द्यायला सुरुवात झाली. नेदरलँड्स आणि स्वीडनच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत अशा उपचारानंतर ऑपरेशन केलं, तेव्हा २८ टक्के रुग्णांच्या काढलेल्या गुदाशयात कर्करोगाची एकही पेशी सापडली नाही; जुन्या पद्धतीत हे प्रमाण १४ टक्के होतं. मग प्रश्न उभा राहणारच: ज्यात आजार उरलेलाच नाही, तो अवयव कापला कशासाठी?

हा प्रश्न ब्राझीलच्या एका बाईंनी फार आधी विचारला होता. साओ पाउलोच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी १९९१ पासून, रेडिएशननंतर गाठ पूर्ण विरघळलेल्या रुग्णांचं ऑपरेशन न करता त्यांच्यावर लक्ष ठेवायला सुरुवात केली. २००४ मध्ये त्यांनी २६५ रुग्णांचा अनुभव छापला. त्यातल्या ७१ जणांना ऑपरेशनशिवाय ठेवलं होतं. जगभरच्या सर्जननी त्यांच्यावर टीका केली. कर्करोग दिसेनासा झाला म्हणून सोडून देणं, हा त्यांना वेडेपणा वाटला. आज त्याच पद्धतीची आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यातल्या पूर्ण प्रतिसाद मिळालेल्या ८८० रुग्णांचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले: दोन वर्षांत चारातल्या एकाची गाठ पुन्हा उगवली, उगवलेल्यांपैकी ८८ टक्के पहिल्या दोन वर्षांतच, आणि ९७ टक्के आतड्याच्या भिंतीतच, म्हणजे बोटाला किंवा दुर्बिणीला सापडेल अशा जागी. वेळेवर सापडली तर बहुतेकांचं ऑपरेशन तेव्हाही करता येतं. अमेरिकेतल्या ३२४ रुग्णांच्या चाचणीत आधी रेडिएशन आणि मग केमो या क्रमाने गेलेल्यांपैकी ५३ टक्क्यांचा गुदाशय तीन वर्षांनंतर शाबूत होता. उलट क्रमात ४१ टक्के.

हे आकडे वाचून हुरळून जायला नको. यात तीन अटी आहेत आणि तिन्ही कडक. गाठ गेली हे ठरवायला उपचारानंतर काही आठवडे थांबून बोटाने, दुर्बिणीने आणि एमआरआयने, तिन्ही प्रकारे पाहावं लागतं. जागेवर पांढरा, सपाट, मऊ वण दिसला पाहिजे. ‘बरीच कमी झालीय’ म्हणजे गेली नव्हे. शिवाय हा निर्णय अनुभवी चमूने घ्यायचा असतो. तिसरी अट गावाकडच्या माणसाला सर्वांत जड जाते: पहिली दोन-तीन वर्षं दर तीन महिन्यांनी दुर्बीण, बोटाची तपासणी, सीईए ही रक्ततपासणी आणि ठरलेल्या अंतराने एमआरआय. एकही तारीख चुकवायची नाही.

ती तारीख पिंपळगाव रेणुकाईत कशी दिसते? एसटीने भोकरदन, तिथून जालना किंवा संभाजीनगर. मुंबईला जायचं तर रात्रीची देवगिरी, सकाळी परळ. सोबत एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कर्करोगाच्या रुग्णांना वर्षानुवर्षं आसरा दिलाय, तरी जागा मिळेपर्यंत फुटपाथ असतोच. आणि तारीख नेमकी मिरची तोडणीच्या दिवसांत, कापूस वेचणीत किंवा लेकीच्या लग्नात येते. पहिल्या वर्षी माणूस जातो. बरं वाटू लागलं, की दुसऱ्या वर्षी म्हणतो, ‘आता कशाला?’ गाठी पुन्हा उगवतात त्या नेमक्या याच काळात. म्हणून काही डॉक्टर खेड्यातल्या रुग्णाला हा पर्याय सांगतच नाहीत. मला ते पटत नाही. गरीब आहे म्हणून त्याने अवयव गमवावा, हा हिशेब त्याच्या वतीने दुसऱ्याने करू नये. पण सांगताना पूर्ण सांगावं: ऑपरेशन टळलं म्हणजे उपचार संपला असं होत नाही, तो तीन वर्षं लांबला. मधल्या तपासण्यांपैकी काही जिल्ह्याच्या ठिकाणी करून फोटो आणि अहवाल मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची सोय होऊ शकते का, हे सुरुवातीलाच बोलून घ्यावं. ज्याला खरोखरच येणं जमणार नाही, त्याच्यासाठी ऑपरेशन हाच जास्त सुरक्षित मार्ग आहे.

आणखी एक तपासणी आहे, ती बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर होते: चार प्रथिनं तपासून पेशींची डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडली आहे का ते पाहतात. गुदाशयाच्या शंभर गाठींत साधारण पाच ते दहा अशा असतात. या गाठींवर प्रतिकारशक्ती जागी करणारी इंजेक्शनं विलक्षण चालतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये डोस्टारलिमॅब हे औषध दर तीन आठवड्यांनी सहा महिने दिलं. २०२२ मध्ये पहिल्या १२ रुग्णांचा निकाल आला, सर्वांची गाठ नाहीशी. २०२५ पर्यंत उपचार पूर्ण केलेल्या ४९ पैकी ४९. ना रेडिएशन, ना ऑपरेशन. आपल्या वर्तमानपत्रांनी पहिल्या निकालाच्या वेळी ‘कर्करोगावर रामबाण’ असे मथळे दिले. बाकीच्या नव्वद-पंचाण्णव टक्के गाठींसाठी हे औषध नाही, ही ओळ त्यांत शोधावी लागत होती. औषधाची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे. पण या जातीची दुसरी औषधं आहेत आणि कमी डोसाचा विचार मुंबईतच झालाय: टाटाच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगात निव्होलुमॅबचा नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी डोस देऊन आयुष्य वाढतं, हे २०२२ मध्ये दाखवलं. तो निष्कर्ष गुदाशयाला तसाच्या तसा लावता येणार नाही. तरी तपासणी मात्र प्रत्येकाची व्हावी, तरुण रुग्णाची तर नक्कीच. तिच्यातून हा दोष घराण्यातला आहे का याचाही सुगावा लागतो आणि मग भावंडांना, मुलांना वेळेत सावध करता येतं.

समजा, ऑपरेशन लागलंच. गुदाशय काढून वरचं आतडं खाली आणून जोडता येतं, अगदी गुदद्वाराच्या काठापर्यंत. आतला स्नायू काढून बाहेरचा राखण्याचीही शस्त्रक्रिया आहे. पिशवी टळली म्हणून घरात पेढे वाटले जातात. पण जोडलेलं आतडं गुदाशयासारखं साठवत नाही. दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागणं, एकदा गेल्यावर तासाभरात तीन-चारदा जावं लागणं, वायू म्हणून सोडायला जावं आणि कपडे खराब व्हावेत, असं होतं. थोडाफार त्रास बहुतेकांना, आणि तीव्र त्रास जवळपास चाळीस टक्क्यांना. गाठ जितकी खाली, रेडिएशन जितकं जास्त, तितका त्रास जास्त. ऑफिसात बसणारा माणूस कसंबसं निभावतो. शिवारात, जिथं आडोसा नाही, मुकादमाच्या नजरेसमोर दिवसात दहा वेळा बाजूला जाणाऱ्या मजूर बाईने काय करायचं? यावर उपाय आहेत: इसबगोल, जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, गुदद्वारातून कोमट पाण्याने आतडं धुण्याची पद्धत. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत सुधारणाही होते. ऑपरेशनच्या आधीच ज्याचा स्नायू सैल आहे, त्याला मात्र खाली जोडलेलं आतडं शिक्षाच ठरू शकतं.

खाली जोडलेला सांधा भरून यावा म्हणून बऱ्याचदा दोन-तीन महिने तात्पुरती पिशवी देतात, लहान आतड्याची. तिच्यातून पातळ मळ सतत वाहतो आणि त्याबरोबर पाणी आणि मीठ. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात अशा रुग्णाच्या शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, उलट वाहणं वाढू शकतं, ओआरएस हवं. पिशवी दिवसात किती वेळा भरते हे मोजायचं आणि लघवी कमी झाली की थेट रुग्णालय. आखाजीच्या पाहुणचारात हे विसरून अॅडमिट झालेले रुग्ण दर उन्हाळ्यात असतात.

कायमच्या पिशवीबद्दल मला चार शब्द बोलायचे आहेत, कारण तिची बदनामी फार झालीय. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूच्या पिशवीतून मळ बराचसा घट्ट येतो, दिवसातून एक-दोनदा. चांगली चिकटलेली पिशवी गळत नाही, वास सोडत नाही. काही जण रोज ठरलेल्या वेळी पाण्याने आतडं धुऊन दिवसभर फक्त छोटं झाकण लावतात. अट अशी, की तोंड योग्य जागी काढलेलं असावं. त्यासाठी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रुग्णाला उभं करून, बसवून, वाकवून पोटावर खूण करतात. साडीच्या निऱ्या जिथं खोचतात तिथं, धोतराच्या गाठीवर किंवा करदोट्याच्या रेषेवर खूण आली, तर पिशवी रोज सुटणार. मांडी घालून बसल्यावर पोटाला जिथं वळी पडते ती जागाही टाळायची. झोपलेल्या रुग्णावर घाईत काढलेल्या तोंडाने माणसाचं आयुष्य कसं नासतं, हे स्टोमा क्लिनिकमधल्या सिस्टरना विचारा. ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेत स्वतः पिशवी बाळगणारी माणसं नव्या रुग्णांना भेटतात. त्यांच्याशी झालेल्या अर्ध्या तासाच्या गप्पा डॉक्टरच्या तासाभराच्या समजावणीपेक्षा उपयोगी पडतात. वाईट चालणाऱ्या गुदद्वारापेक्षा नीट चालणारी पिशवी बरी, हे काही जणांबाबत अक्षरशः खरं असतं.

राहिली ती गोष्ट जी कुणी विचारत नाही. ओटीपोटाच्या रेडिएशनने बाईची अंडाशयं काम थांबवतात आणि पाळी कायमची जाते. गर्भाशयही पुढे गर्भ धरायला समर्थ राहत नाही. योनी आकसते, कोरडी पडते. पुरुषाच्या वीर्यावर परिणाम होतो, नसांना धक्का लागला तर ताठरपणा जातो. पस्तिशीतल्या जोडप्याला हे कुणी सांगितलं नाही, तर पुढची भांडणं आजारामुळे आहेत हेही त्यांना कळत नाही. यावर करता येण्यासारखं बरंच आहे. सगळ्याच गाठींना रेडिएशन लागत नाही: ११९४ रुग्णांच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गाठ स्नायूंपासून दूर असलेल्या निवडक रुग्णांना आधी फक्त केमो दिली, त्यांतल्या ९ टक्क्यांनाच ऑपरेशनआधी रेडिएशनची गरज पडली आणि निकाल तोडीस तोड आले. रेडिएशन द्यायचंच असेल, तर अंडाशयं छोट्या शस्त्रक्रियेने किरणांच्या वाटेतून वर सरकवून ठेवता येतात. योनी आकसू नये म्हणून डायलेटर नावाचं साधन आणि व्यायाम असतात. पुरुषासाठी उपाय सर्वांत सोपा आहे, वीर्य गोठवून ठेवणं. ही सोय संभाजीनगरसारख्या शहरातल्या वंध्यत्व केंद्रांत मिळते. फक्त ती पहिला ‘लाइट’ घेण्याआधी आणि केमोची पहिली सलाईन लागण्याआधी करायची असते. अपत्य हवं असेल, तर बायोप्सीचा अहवाल आल्याच्या आठवड्यातच हे बोलावं. नवरा-बायको दोघांनी मिळून डॉक्टरच्या खोलीत बसावं, सासू-सासऱ्यांना बाहेर बाकावर थांबायला सांगावं आणि सरळ विचारावं.